निवड सर्व्हरवर सोडू नका



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हे प्रोग्रामर मंडळींचं घरगुती बोलणं आहे. तसं नाही. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश प्रोग्रामरनं 20 मार्च 1998 रोजी ‘कर्ल’ नावाची छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली आणि 2000 मध्ये तिच्याच पोटातून ‘लिबकर्ल’ ही लायब्ररी बाहेर आली. आज ती फोनमधल्या ॲपांत आहे, टीव्हीत आहे, मोटारींत आहे. प्रोग्रामर रोज वापरतात ते गिट एचटीटीपीवरून बोलतं ते तिच्याच मदतीनं, आणि पीएचपीत लिहिलेल्या असंख्य संकेतस्थळांचे परस्पर निरोपही तीच पोचवते. या निरोपांसोबत पासवर्ड जातात. ते कोणत्या रूपात जावेत, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. कोणी, एवढंच मला आज बोलायचं आहे.

व्यवहार असा चालतो. तुमचा प्रोग्राम सर्व्हरकडे काही मागतो. सर्व्हर 401 हा क्रमांक देऊन सांगतो, ओळख पटव. त्याच उत्तरात एका हेडरमध्ये तो आपल्याला चालणाऱ्या पद्धती कळवतो: बेसिक, डायजेस्ट, एनटीएलएम, निगोशिएट. मग प्रोग्रामनं त्यातली एक उचलायची आणि पुन्हा मागायचं. कोणत्या पद्धती वापरायची मुभा आहे, हे लिबकर्लला सांगण्याची सोय 2003 सालच्या 7.10.6 या आवृत्तीत आली. काहीच सांगितलं नाही, तर लायब्ररी बेसिक धरते.

बेसिकवर जरा थांबू. यात नाव आणि पासवर्ड मध्ये विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं घालून जोडतात आणि बेस64 या लिपीत बदलून पाठवतात. ऐकायला गुप्त वाटतं, पण मोडीत लिहिलेलं पत्र ज्याला मोडी येत नाही त्यालाच गुप्त. बेस64 तर प्रत्येक संगणकाला वाचता येतं. 1996 च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजातलं उदाहरणच पाहा. तिथे नाव आहे अल्लादीन आणि पासवर्ड आहे गुहेचं दार उघडणारा मंत्र. ‘तिळा तिळा दार उघड’ हा मंत्र अलीबाबाच्या गोष्टीतला, हे आपल्याकडचं पोरही सांगेल. पण ते उदाहरण 2015 च्या आरएफसी 7617 मध्येही तसंच आहे. त्याच दस्तऐवजात स्पष्ट बजावलंय की टीएलएससारखं संरक्षित माध्यम नसेल, तर ही पद्धत सुरक्षित समजू नये.

डायजेस्टमध्ये पासवर्ड तारेवर जातच नाही. सर्व्हर एक ताजा आकडा देतो, प्रोग्राम तो आकडा, पासवर्ड आणि मागणीचा तपशील एकत्र करून त्याचा हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारा ठसा, पाठवतो. कल्पना सुंदर आहे. पण जुन्या डायजेस्टचा हॅश एमडी5, आणि त्याची कमजोरी 2004 पासून जगजाहीर आहे. आरएफसी 7616 नं एसएचए-256 आणलं, तरी मूळ अडचण उरते: सर्व्हरला पासवर्डचा जो हॅश साठवावा लागतो, तो चोरीला गेला तर त्याच्याच बळावर चोर आत शिरू शकतो. शिवाय तारेवरची बोलणी पकडणारा माणूस घरी बसून निवांत अंदाज लावत राहतो. म्हणून माझं मत मी स्पष्ट सांगतो. उघड्या एचटीटीपीवरच्या डायजेस्टपेक्षा, सर्व्हरचं प्रमाणपत्र नीट तपासलेल्या टीएलएसमधलं साधं बेसिक अधिक भरवशाचं.

एनटीएलएमबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टची ही जुनी पद्धत प्रत्येक मागणीची नव्हे, तर अख्ख्या जोडणीची ओळख पटवते. त्यामुळे मध्ये प्रॉक्सी आला की ती अडखळते, एचटीटीपी/2 वर चालतच नाही. 2024 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनंच तिला निवृत्तीच्या यादीत टाकलं. निगोशिएट कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेवर उभी आहे. ज्या कार्यालयात ती यंत्रणा आहे, तिथे तिच्यासारखी दुसरी नाही.

आता मुद्द्याचं. लिबकर्लमध्ये ‘एनी’ नावाचा पर्याय आहे, म्हणजे कुठलीही चालेल. मग लायब्ररी आधी ओळख न देताच मागणी पाठवते, सर्व्हर काय देऊ करतो ते पाहते आणि त्यातली सर्वांत बळकट पद्धत घेते: आधी निगोशिएट, मग डायजेस्ट, मग एनटीएलएम, शेवटी बेसिक. सोयीचं आहे आणि म्हणूनच अनेकजण तो लिहून मोकळे होतात. पण यादी कोण देतंय? सर्व्हर, किंवा सर्व्हर असल्याचं भासवणारा कोणी. जोडणी उघडी असेल तर मधल्या माणसानं त्या हेडरमधून डायजेस्ट खोडायचं आणि बेसिक ठेवायचं, एवढं पुरे. लायब्ररी प्रामाणिकपणे उरलेल्यातलं ‘सर्वोत्तम’ निवडते आणि पासवर्ड त्याच्या हातात देते. ‘एनीसेफ’ हा पर्याय बेसिक वगळतो, पण तेवढंच. एनटीएलएम त्यात आहेच.

‘एनी’ची दुसरी किंमत वेळेत मोजावी लागते. पहिली फेरी केवळ चौकशीत जाते. मोठी फाईल चढवत असाल तर ती अर्ध्यावरून पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागू शकते आणि माहिती तुमच्या फंक्शनमधून येत असेल, तर ती मागे फिरवायची सोयही तुम्हीच द्यायची. नाहीतर लिबकर्ल 65 क्रमांकाची चूक देऊन थांबतं. सर्व्हरला कोणती पद्धत लागते हे आधी माहीत असताना ही फेरी कशाला?

लायब्ररीचे कर्ते याबाबत बेफिकीर नाहीत, हेही सांगायला हवं. सर्व्हरनं दुसऱ्या पत्त्यावर धाडलं, तर लिबकर्ल मूळ नाव-पासवर्ड तिकडे देत नाही. मुद्दाम परवानगी दिली तरच देतं. मात्र कोणी ओळखीचा हेडर स्वतःच्या हातानं लिहून जोडला, तर तो पूर्वी नव्या पत्त्यावरही जात असे. ही त्रुटी जानेवारी 2018 मध्ये 7.58.0 या आवृत्तीत दुरुस्त झाली. लायब्ररीला पासवर्ड म्हणून दिलेला पासवर्ड ती सांभाळते. नुसता मजकूर म्हणून दिला, तर सांभाळायचं काय हे तिला कसं कळणार?

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. प्रमाणपत्राची तपासणी लिबकर्लमध्ये 2002 पासून आपोआप चालू असते. तरीही चाचणीच्या वेळी काहीतरी अडलं म्हणून कोणी ती बंद करतो आणि ती ओळ तशीच ग्राहकाच्या सर्व्हरवर जाते. एकदा ती बंद झाली की बेसिक, पासवर्डऐवजी दाखवायचं बेअरर टोकन, काहीही वापरा, मधला माणूस ते वाचतो. ज्याचा पासवर्ड आपल्या प्रोग्राममधून जातोय, त्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

तेव्हा सभागृहात जे प्रोग्राम लिहिणारे आहेत, त्यांना माझी विनंती आहे. उद्या आपापला कोड उघडा. जिथे ‘एनी’ आहे, तिथे तुमच्या सर्व्हरला लागणारी एकच पद्धत नावानिशी लिहा. जिथे पत्ता एचटीटीपीनं सुरू होतो, तिथे एचटीटीपीएस करा. आणि प्रमाणपत्राची तपासणी कुठे बंद केलेली सापडली, तर दुसरं कुठलंही काम हाती घेण्याआधी ती चालू करा.