उन्हाळ्यातली थंड आंबील



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा कधीकधी 45 अंशांच्या घरात जातो. सकाळी दहालाच जमीन तापते. तरी शेतातले काम थांबत नाही. वखरणी असते. पऱ्हाट्या उपटायच्या असतात. म्हणून आज मी तुमच्याशी आंबिलीविषयी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, "यात नवं काय? आंबील तर आमची आजीही करायची." खरे आहे. आजी करायची, आणि आपण सोडली.

माझीच गोष्ट सांगते. एका वर्षी मी पऱ्हाट्या वेचायला निघाले. सासूबाईंनी आंबिलीचे गाडगे पुढे केले. मी म्हटले, "राहू द्या, पाणी आहे ना." दिवसभर नुसते पाणी प्याले, तेही थोडेच. शेतात आडोसा नसतो, म्हणून आपण बाया पाणी कमी पितो. दुपारी पोटऱ्यांत गोळे आले. डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी मला निंबाखाली बसवले आणि घोट घोट आंबील पाजली. तासाभराने जिवात जीव आला.

पुढे दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कारण सांगितले. घाम जिभेला लागला तर खारट लागतो ना? म्हणजे घामातून पाणी जाते, तसे मीठही जाते. पाणी प्यालो तर पाणी भरून निघते. पण मीठ? आंबिलीत पाणी आहे, मीठ आहे, ताक आहे आणि ज्वारीचा आधारही आहे.

ही युक्ती फक्त आपलीच नाही. दूर स्पेन देशाच्या दक्षिण भागातही कडक ऊन पडते. तिथले शेतमजूर शिळा पाव, लसूण, तेल, मीठ आणि आंबट शिरका पाण्यात कालवून खात. पुढे त्यात टमाटे आणि काकडी आली. चुलीवर न ठेवता केलेले हे थंड सार. त्याला गाझपाचो म्हणतात. देश वेगळा, ऊन सारखे, आणि उपायही सारखाच!

आता कृती ऐका. हे माप चार-पाच माणसांचे आहे.

रात्री अर्धी वाटी ज्वारीचे पीठ एक वाटी ताकात कालवून झाकून ठेवा. भांडे मातीचे किंवा स्टीलचे घ्या. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते. ते पोटाला वाईट.

सकाळी चार पेले पाणी उकळा. त्यात एक लहान चमचा मीठ टाका. भिजलेले पीठ हळूहळू ओता आणि ढवळत राहा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. दहा मिनिटे शिजवा. खाली उतरवून पूर्ण निवू द्या. मग दोन पेले ताक घाला. लसूण, जिरे आणि हिरवी मिरची कुटून टाका. काकडी, कांदा आणि सांबार बारीक चिरून घाला. भाज्या कच्च्या आहेत, म्हणून चिरण्याआधी स्वच्छ पाण्याने नीट धुवा. हात साबणाने धुवा.

थंड ठेवायला बर्फ लागत नाही. आंबील मातीच्या गाडग्यात भरा, वर ओले फडके गुंडाळा आणि सावलीत ठेवा. फडक्यातले पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते, ते असेच. मात्र आंबील त्याच दिवशी संपवा. वास बदलला तर फेकून द्या.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी खायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि आंबील म्हणजे औषध नव्हे. उन्हात माणूस बरळू लागला, अंग तव्यासारखे तापले किंवा शुद्ध गेली, तर त्याला सावलीत न्या. अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि लगेच 108 नंबरला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा ओतू नका. ते श्वासनळीत जाईल.

शेवटी बायांसाठी एक गोष्ट. आपण सगळ्यांना वाढतो आणि गाडगे पुसून घेतो. असे करू नका. घाम आपल्यालाही येतो. आधी आपला पेला बाजूला काढा. आणि भावांनो, तुम्ही शेतात तुरकाट्यांचा एक आडोसा उभा करा. त्याला पैसा लागत नाही. मग घरची बाई पोटभर पाणी पिईल.

आता तुम्हाला वाचता येते. आज घरी गेल्यावर ही कृती सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. त्या एखादी चूक नक्की काढतील. ती वहीत लिहून घ्या. आणि निजण्याआधी पीठ भिजत घाला.