यशवंत तलावात गळ टाकण्याआधी

तोरणमाळला गेलेला माणूस यशवंत तलावाच्या काठावर टेकल्याशिवाय परतत नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातलं हे ठिकाण समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच. गोरखनाथाचं दर्शन झालं, सीताखाई पाहून झाली, की पावलं आपसूक पाण्याकडे वळतात. इथे मासे सोडावेत आणि पर्यटकाला तिकीट घेऊन गळ टाकू द्यावा, ही कल्पना चांगलीच आहे. मात्र त्या पाण्याला काय मानवेल, हे आधी पाहायला हवं.

मुंबईचा पवई तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पाणी मिळावं म्हणून बांधला. ते पाणी पिण्याच्या कामी आलं नाही. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या हौशी मंडळींनी मात्र तिथे वर्षानुवर्षं मासे सोडले आणि सांभाळले. शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी यांनी त्याच तलावाचा श्वास कोंडला, हेही खरं. काठावर हॉटेलं उभी राहण्याआधी तोरणमाळने पवईकडे एकदा पाहावं.

मासा कोणता सोडायचा? गळवाल्यांचा जीव महसीरवर. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटा पॉवरने १९७०च्या दशकापासून त्याची पैदास जोपासली आहे. पण महसीर वाढतो वाहत्या, स्वच्छ पाण्यात, दगडगोट्यांच्या तळावर. मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा केलं. पण त्याच राज्यातून येणाऱ्या नर्मदेचं पात्र नंदुरबारच्या उत्तर सीमेवर सरदार सरोवरामुळे आज संथ जलाशय झालं आहे. डबक्यासारख्या साचल्या पाण्यात महसीर सोडणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

तलावाला शोभतात कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी; म्हणून तिघांचं एका पाण्यात जमतं. ते साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातला नदीचा लोंढा लागतो. ही अडचण सुटली ती १० जुलै १९५७ रोजी. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली. आज देशभर जे मत्स्यबीज मिळतं, त्याचं मूळ तिथे आहे. तेव्हा बीज दरवर्षी आणावं लागणार, हे हिशेबात धरायचं. शिवाय तोरणमाळचा हिवाळा कडक. पाणी वीस अंशांखाली गेलं की या माशांचं खाणं मंदावतं, वाढ थबकते. सपाटीवरच्या शहादा-तळोद्याच्या तळ्यांचा हिशेब इथे चालणार नाही. संख्या कमी आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मोठी हवी. चार इंचांहून लहान पिल्लू सोडलं तर ते शिकारी मरळीच्या पोटात जातं.

बीज सोडण्याचा क्षण फार नाजूक. प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी घाटातून येते. ती उघडून थेट ओतली तर बरीच पिल्लं तापमानाच्या धक्क्यानेच जातात. सकाळच्या गारव्यात बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवायची, मग तोंड सोडून ओंजळ-ओंजळ पाणी आत घ्यायचं. पिशवी कलती केली की पिल्लं आपणहून बाहेर पडतात.

आफ्रिकन मांगूर तर नकोच. त्यावर बंदी आहे आणि तो दुसरे मासे खाऊन टाकतो. तिलापियाही नको. तो साचल्या पाण्यातच पुनःपुन्हा वितो, गर्दी होते, आणि गळाला लागतात ती बोटभर पिल्लं. लहान तळ्यातले असले मासे हटवायला मत्स्यशेतीत मोहाची पेंड वापरतात. सातपुड्यात मोहाला काय तोटा! पण तिचा विषारी अंश पाण्यात दोन-तीन आठवडे राहतो, म्हणून ज्या पाण्यावर गुरं-माणसं येतात तिथे तिला हात लावू नये.

हे सगळं ठरवायचं कोणी? धडगाव तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६चा पेसा कायदा लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे सोपवतो. तेव्हा तिकिटाचा दर, गळाची जागा, पावसाळ्यातली सुट्टी हे सारं गावानेच ठरवावं. काठावरच्या पावरा-भिल्ल पोरांना त्यातून रोजगार मिळावा. त्यांच्याकडे एक वही आणि एक तराजू असावा. पकडलेला प्रत्येक मासा मोजून, कोणता आणि किती वजनाचा ते लिहून, मगच पर्यटकाच्या हाती द्यावा किंवा पाण्यात परत सोडावा. अशी दोन हंगामांची नोंद हाती आली, की पुढच्या आषाढात किती बोटुकली मागवायची ते त्या वहीतूनच ठरेल.