लस कुत्र्याला, अभय माणसाला

कुत्रा चावला की जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागली, की रुग्ण क्वचितच वाचतो. पण रोगाचे मूळ तोडायचे, तर लस कुत्र्यांनाच टोचायला हवी. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना ती मिळत राहिली, तर रोगाची साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवले. सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था एकत्र आली. जाळी घेऊन पथके गल्लोगल्ली फिरली, टोचलेल्या कुत्र्यांवर रंगाची खूण केली, शाळांतून मुलांना शिकवले. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. तेव्हा असे पथक दारी आले, तर गल्लीतला मोत्या त्यांना दाखवा. तोही वाचेल, आपली मुलेही.