सातवा कोण? आमच्या छोट्या कॉलेजची फुटबॉल टीम, यंदाची आणि तेव्हाची

(हे या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

एसटीत खिडकीपाशी बसून ऐकताय की मेसमधून बाहेर पडून, माहीत नाही. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच मेसेज होता, "दादा, यंदा तुमच्या कॉलेजच्या टीमचं काय?" म्हणून आज तेच बोलू. आणि बोलता बोलता एक जुनी गोष्टही सांगणार आहे, जी मी आजवर टाळत आलोय.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी कोच वगैरे नाही. एमआयडीसीत नोकरी करतो, फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी ग्राउंडवर जातो आणि सरांना मदत करतो. कॉलेज तालुक्याच्या गावातलं, कोल्हापूरपासून एसटीनं दीड तास. नाव घेणार नाही, सरांनीच सांगितलंय.

आता कोल्हापूर म्हटलं की लोकांना वाटतं, मग काय, फुटबॉलच फुटबॉल! शाहू स्टेडियम, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पेठेतल्या पोराची टीम आधी ठरते, शाळा मग. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा आपल्या टीममध्ये अनिकेत जाधव होता, तो कोल्हापूरचाच. सगळं खरं आहे. पण ते शहर झालं. तालुक्यांमध्ये गडहिंग्लजला मोठं वेड आहे, दिवाळीत तिथं बाहेरच्या राज्यांतल्या टीम येऊन खेळतात. आमच्या गावात मात्र पोराला आधी कबड्डी येते, मग क्रिकेट, आणि दोन्हीकडे नंबर लागला नाही की तो आमच्याकडे येतो.

कॉलेज फुटबॉल चालतं कसं ते थोडक्यात. शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे. आधी आपल्या विभागातल्या कॉलेजांशी खेळायचं, मग आंतरविभागीय. त्यातून विद्यापीठाची टीम निवडतात आणि ती पुढं दुसऱ्या विद्यापीठांशी खेळायला जाते. आमच्या पातळीवर सगळं नॉकआउट. हरलात की घरी. त्यामुळे 'सीझन' हा शब्द आमच्याकडे जरा जास्तच होतो. दोन महिने प्रॅक्टिस, आणि सीझन कधीकधी सकाळी अकराला सुरू होऊन साडेबाराला संपतो.

बरं, यंदाची टीम.

यादीत चौदा नावं आहेत. त्यातली नऊ मी छातीठोकपणे सांगू शकतो. अकरावी-बारावीची चार पोरं आमच्याच ग्राउंडवर खेळतात, दोघं तर लै भारी आहेत. पण ती ज्युनिअर कॉलेजची, त्यांची स्पर्धा वेगळी, अंडर-१९ शालेय. विद्यापीठाच्या यादीत त्यांचं नाव घालता येत नाही. एकाच गेटमधून आत येणारी पोरं, पण आम्हाला उपयोग शून्य.

गोली कबड्डीतून आलाय. पाय पकडायची सवय आहे, त्यामुळे फॉरवर्ड अंगावर आला की तो बॉल सोडून माणसाकडे बघतो. सुधारतोय. लेफ्ट बॅक पहाटे डेअरीला दूध घालून येतो, पळायला कधीच कमी पडत नाही. सेंटर हाफ सेकंड इयरचा, टीमचं डोकं म्हणजे तोच. पण त्याच्या घरचा ऊस दोन एकर आहे आणि कारखाने साधारण आमच्या मॅचेसच्या सुमारासच सुरू होतात. तोड आली की पोरगा गायब. तोडीची चिठ्ठी काय विद्यापीठाचं वेळापत्रक बघून येत नाही.

आणि आमचं ग्राउंड. नियमाप्रमाणे मैदानाची लांबी कमीत कमी ९० मीटर लागते. आमचं टेपनं मोजलं तर ८० च्या आसपास भरतं, पुढं विहीर आहे. त्यामुळे मोठ्या मैदानावर गेलं की पहिली वीस मिनिटं आमचे सगळे लाँग पास निम्म्यात पडतात. समोरच्यांना वाटतं पोरं घाबरलीत. घाबरलेली नसतात, पायाला विहीर आठवत असते!

शेवटचं नाव फॉरवर्डचं. फर्स्ट इयर, बारीक अंगाचा, डाव्या पायाचा. त्याच्यासारखा वेग मी या ग्राउंडवर तरी पाहिलेला नाही. मागच्या महिन्यात शहरातल्या एका संघाची माणसं बाइकवर येऊन त्याला बघून गेली. त्याच्याबद्दल बोलायचंच आहे, पण आधी माझी गोष्ट. त्याशिवाय त्याची कळणार नाही.

मी खेळलो २०१२ ते २०१४. पहिल्या वर्षी आम्ही पाच गोल खाल्ले, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. २०१३ मात्र आमचं वर्ष होतं. सोळा पोरं, सोळाही हजर. पहिली मॅच एक-शून्य काढली. दुसरी टायब्रेकरला गेली. आमचा गोली म्हणजे सहा फुटी गडी, ग्लोव्हज स्वतःच्या पैशानं घेतलेले, त्यानं दोन पेनल्टी अडवल्या. दुसरी अडवल्यावर तो उठलाच नाही, तिथंच मातीत पडून हसत होता. आम्ही जाऊन त्याच्यावर पडलो. सेमीला शहरातल्या एका कॉलेजनं आम्हाला एक-शून्यनं हरवलं, गोल शेवटच्या पाच मिनिटांत. परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "जिंकला का रं?" आम्ही सगळे एका सुरात, "व्हय!" खोटं होतं, पण वाटत तसंच होतं.

मग २०१४. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ब्राझीलचा वर्ल्ड कप, जर्मनीनं ब्राझीलला सात-एकनं फोडलेली ती मॅच आम्ही हॉस्टेलच्या टीव्हीवर रात्री जागून बघितली. ऑक्टोबरात आयएसएल सुरू झाली. फुटबॉलमध्ये आता पैसा येणार, असं आम्हाला खरंच वाटायला लागलं. माझ्याकडेही आला. दीड हजार रुपये. शेजारच्या तालुक्यात उरुसानिमित्त सेव्हन-ए-साइड स्पर्धा होती, तिथल्या एका मंडळाला लेफ्ट विंगला माणूस हवा होता. दिवस नेमका आमच्या पहिल्या मॅचचा.

मी हिशोब केला. यादीत बारा जण आहेत, मी नसलो तरी अकरा उरतात. मॅच तर होईलच. सरांना फोन केला नाही, मित्राकडून निरोप पाठवला की पोटात दुखतंय.

असाच हिशोब आणखी चौघांनी केला होता. एकाचं प्रॅक्टिकल, दोघांच्या घरी ऊस, एकाच्या बहिणीला बघायला पाहुणे. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे आहेत की. सकाळी स्टँडवर सात जण आले. त्यातल्या एकाला एसटीत ताप चढला, त्याला निम्म्या वाटेवर मामाच्या घरी उतरवलं. कोल्हापुरात उतरले सहा.

फुटबॉलमध्ये अकरा नसले तरी मॅच होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कमीत कमी सात लागतात. सात असतील तर रेफ्री शिट्टी मारतो, सहा असतील तर नाही. रेफ्रीनं वाट बघितली, समोरच्या टीमनंही बघितली. मग सरांनी कागदावर सही केली. वॉकओव्हर.

आमचा गोली थर्ड इयरला होता. आदल्या वर्षी त्याला निवड समितीतल्या कुणीतरी पाहिलं होतं, "पुढच्या वर्षी बघू," असं म्हटलं होतं. विद्यापीठाच्या टीममध्ये यायचं तर मैदानावर दिसावं लागतं. तो दिसलाच नाही. किट घालून, ग्लोव्हज चढवून तो लाइनच्या बाहेर बसून राहिला. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तो त्याच नादात होता, भरतीची पुस्तकं घेऊन ठेवलेली. तिथवर पोचला असता की नसता, मी सांगू शकत नाही. पण सहाव्या आणि सातव्या माणसामधलं ते एक माणूस मी होतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी जिमखान्यात बोलावलं. ओरडतील म्हणून तयार होऊन गेलो होतो. त्यांनी विचारलं, "किती मिळाले?"

"दीड हजार, सर."

"बरं." आणि परत रजिस्टर लिहायला लागले.

गोली माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मग कॉलेजच संपलं.

आता यंदाच्या फॉरवर्डकडे येऊ. त्याची परवानगी घेऊनच सांगतोय. त्यालाही सेव्हन-ए-साइडचं बोलावणं आलंय. दोन हजार, जेवण आणि जाण्यायेण्याचं वेगळं. तारीख आमच्या पहिल्या मॅचचीच. बघा, मला वाटलेलं की माझी गोष्ट सांगितली की पोरगं ऐकेल. ग्राउंडवर बसवून सगळी सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच. त्यानं शांतपणे ऐकली आणि विचारलं, "दादा, मग तुम्ही ते दीड हजार परत दिले का?"

नव्हते दिले. त्या पैशांतून स्टड्स घेतले होते मी.

त्याचे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. पावसानं दोन बाजार गेले की त्या घरात दोन हजार म्हणजे काय, हे मला एमआयडीसीच्या पगारावर बसून त्याला शिकवता येत नाही. सर म्हणाले, "त्याला अडवायचं नाही. त्याला फक्त खरा आकडा सांगायचा." म्हणून आम्ही जिमखान्याच्या फळ्यावर चौदा नावं लिहिली आणि प्रत्येकाला स्वतःच्या हातानं नावापुढं लिहायला लावलं: येणार, नक्की नाही, नाही येणार. 'बाकीचे आहेत की' हे कुणाला म्हणता येऊ नये एवढ्यासाठी. काल संध्याकाळपर्यंत आठ जणांनी 'येणार' लिहिलंय. सेंटर हाफनं लिहिलंय 'तोड नाही आली तर'. फॉरवर्डच्या नावापुढची जागा कोरी आहे.

प्रॉस्पेक्ट्स विचारता ना? अकरा उतरले तर पहिली मॅच आम्ही काढू, असं मला वाटतं. फॉरवर्ड आला तर दुसरीही. त्यापुढं शहरातली कॉलेजं लागतात, त्यांच्याकडे पेठेत वर्षभर खेळणारी पोरं असतात. तिथं मी पैज लावणार नाही.

अजून एक. गेल्या महिन्यापासून रविवारी आमच्या नव्या गोलीला शिकवायला एक जण येतो. सहा फुटी, आता पोट सुटलंय, पिकअपवर ड्रायव्हर आहे. सरांनी फोन केला आणि तो आला. आम्ही दोघं गोलपोस्टमागं उभं राहून नव्या पोराच्या पायांबद्दल बोलतो, तो बॉलकडे कसा बघत नाही यावर हसतो. २०१४ चा विषय त्यानं काढलेला नाही. मीही नाही. हा भाग तो ऐकेल, कारण लिंक मीच पाठवणार आहे.

मॅच पुढच्या बुधवारी. गावातून सकाळी सहाची एसटी. आणि हो, सेंटर हाफचे स्टड्स फाटलेत. कुणाकडे नऊ नंबरचे वापरलेले पण धड असलेले पडून असतील, तर मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन.