युरिया मातीआड का करावा?



युरिया फेकला, आठ दिवस झाले, पण पिकाला म्हणावी तशी काळोखी आली नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो. रानावर उघडा पडला तर त्यातला बराच वाटा अमोनिया वायू होऊन उडून जातो. हे घडवून आणतं मातीतलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचं नाव युरिएज. पपईचा चीक लावला की मटण लवकर शिजतं ना, ती करामत पपईतल्या विकराची. तशी ही युरिएजची. अमेरिकेत जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईच्या जातीच्या दाण्यांतून ते शुद्ध स्फटिकरूपात काढलं.

आता मौज पाहा. विकर ही तशी नाजूक चीज. उघड्यावर पडलं की सूक्ष्म जीव ते खाऊन टाकतात. म्हणून शास्त्रज्ञ ते सिलिकाच्या, म्हणजे वाळू-गारगोटीत असतो त्याच पदार्थाच्या, सच्छिद्र भुकटीत कोंडतात. १९९२ साली मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांची अशी सिलिका जाहीर केली. भोक फार बारीक असेल तर विकर आत शिरत नाही, फार मोठं असेल तर धुऊन जातं. बेताचं असेल तर आत टिकतं आणि पुन्हा पुन्हा कामाला येतं.

आपली माती हा उद्योग आपसूकच करते. जीवाणू मरतात, पण त्यांचं युरिएज चिकणमातीच्या कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटून, त्यांच्या फटींत दडून राहतं. त्याला खाणारे तिथवर पोचत नाहीत. म्हणून रान कितीही दिवस पडीक असो, युरिया पडताच काम सुरू! ओल आणि ऊब असली की थोड्याच दिवसांत युरियाचा अमोनिया होतो. दाण्याभोवती खारटपणा नव्हे, अल्कता वाढते आणि वायू सुटतो. आपल्या काळ्या जमिनी मुळातच अल्कधर्मी, तिथं नुकसान अधिक.

हे विकर मारायच्या भरीस पडू नका, पिकाला नत्र मिळायला ते हवंच. फक्त त्याचं काम जमिनीच्या पोटात होऊ द्या. युरिया दोन-तीन इंच खाली पेरा किंवा कोळप्यानं मातीआड करा, म्हणजे सुटलेला अमोनिया मातीचे कण धरून ठेवतात. दवानं ओल्या झालेल्या रानावर फेकून वर ऊन पडू देणं सगळ्यात वाईट. पेरणं जमलंच नाही, तर लगेच हलकं पाणी द्या, पाट भरून नको. राखेत तर युरिया कधीच मिसळू नका.

२०१५ पासून देशात बनणारा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला असतो. पण लेप आहे म्हणून उघडा टाकला तरी चालेल, असं समजू नये बरं का. निंबाचा मुख्य उपयोग पुढच्या पायरीवर, अमोनियाचं नायट्रेट सावकाश होण्यासाठी.

खोडव्यात पाचट ठेवलं असेल तर जास्त जपा. पाचटातही युरिएज भरपूर, आणि अमोनिया धरायला तिथं माती नाही. पाचट बाजूला सारून, बेटाजवळ पहारीनं भोक घेऊन त्यात खत टाका आणि भोक मातीनं बुजवा.