मागुराचें तळें आणि औषधी भुकटी

मागूर हा मासा चिवट म्हणून प्रसिद्ध आहे. कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखें एक जादा श्वसनेंद्रिय त्यास लाभलेलें असतें. त्याच्या बळावर तो वर येऊन हवा घेतो आणि इतर मासे गुदमरतील अशा पाण्यांतही जगतो. हाच गुण पाळणाऱ्यास मोहांत पाडतो. २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर अमरावती-अकोल्याकडे शेततळीं वाढलीं. अशा तळ्याच्या धन्यास वाटतें, मासा मरत नाहीं, तर दुप्पट बोटुकली कां सोडूं नये? वाढ मंदावलीच, तर खाद्यांत लसूण, हळद किंवा अश्वगंधा मिसळतां येईल.

परंतु जगणें निराळें आणि वाढणें निराळें. ३५ टक्के प्रथिनें असलेल्या एक किलो खाद्यामागें सुमारें ३० ग्रॅम अमोनियारूप नत्र पाण्यांत उतरतें. मागूर श्वास हवेंतून घेईल. पण त्याचें अंग व कल्ले त्याच पाण्यांत राहतात. दाटींत दांडगे मासे दुबळ्यांस चावतात. पिलें तर एकमेकांस खातातही.

त्यांत वऱ्हाडचा उन्हाळा. ३० मीटर लांब, तितक्याच रुंद व उभ्या काठांच्या तळ्यांत १,८०० मासे सोडले, तर चौरस मीटरास २ मासे पडतात. मे महिन्यांत पाणी अर्ध्यावर आलें, कीं एकही मासा न वाढवितां प्रत्येकाच्या वाट्याचें पाणी निम्में होतें. पाणी तापलें किंवा त्याचा अल्कधर्म वाढला, तर अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत हें विशेष जपावें लागतें.

वनस्पती निरुपयोगी नाहींत. त्यांच्या अल्प मात्रेनें पचनास व रोगप्रतिकारास मदत झाल्याचें अनेक प्रयोगांत दिसलें आहे. मात्र लसूण पाण्यांतील अमोनिया काढून घेत नाहीं आणि हळदीनें तळें रुंद होत नाहीं. पारख करावयाची, तर एकाच तळ्यांत जाळीचीं चार सारखीं कुंपणें घालावीं. दोहोंत मासे दाट, दोहोंत विरळ. प्रत्येक जोडींत एकास साधें खाद्य, दुसऱ्यास औषधीयुक्त. दर पंधरवड्यास वजन करावें. गुण भुकटीचा कीं मोकळ्या पाण्याचा, याचा अंदाज येईल.

बोटुकलीची जातही पाहावी. ‘थाई मांगूर’ नांवानें विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी जातीच्या पालनावर केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी घातली आहे. ती जात ओढ्यांत शिरली, कीं तेथील मासे फस्त करते. देशी मागूर आणावा आणि उन्हाळ्यांतील पाणी धरून मोजून सोडावा. भुकटीची पुडी त्यानंतर विकत घ्यावी.