चढाईत बोट दुखावलं तर

श्रीपूरच्या सपाट ऊसपट्ट्यातून तेलबैला, लिंगाण्यावर प्रस्तरारोहणाला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, बोटं मिटणारे ताकदीचे स्नायू असतात कोपर आणि मनगटाच्या मध्ये. त्यांच्या कंडरा बोटांपर्यंत जातात आणि छोटे पट्टे त्यांना हाडाशी धरून ठेवतात. बारीक खाचेत पेरं दुमडून भार घेतला की हे पट्टे ताणले जातात, बहुतेकदा अनामिकेचे. ‘टक्’ असा आवाज आला, सूज चढली, तर चढाई तिथंच थांबवा. चोळू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा कड्याला भिडणं फार धोक्याचं! कंडरांप्रमाणेच या पट्ट्यांनाही रक्तपुरवठा कमी, म्हणून दुखणं थांबल्यावरही ते भरून यायला कित्येक आठवडे लागतात.